पहिल्या तीर्थाचा कागद

त्या कागदातून मला मिळणार होतं ते पळीभर पाणी. त्यात तुळशीची दोन पानं आणि पच्चकापराचा, म्हणजे खायच्या कापराचा, एक कण. बस, एवढंच.

आमच्या गल्लीतल्या विठ्ठलमठात एकादशीची आरती झाली की पुजारी तीर्थाचं भांडं घेऊन उंबऱ्याशी येतात आणि पहिली पळी चंद्रमौळिरावांच्या हातावर पडते. दुसरी माझ्या. पाणी तेच, भांडं तेच, पुजाऱ्यांचा थरथरता हातही तोच. पण माझ्या आजोबांनी दुसरी पळी घेतली, वडिलांनी दुसरी घेतली, आणि पन्नाशी उलटली तरी मीही दुसरीच घेत होतो. चंद्रमौळिराव पहिलं तीर्थ घेऊन झालं की ओला हात टकलावरून फिरवत बाजूला सरकायचे, आणि सरकताना माझ्याकडे बघायचे. बोलायचे काही नाहीत. नुसतं बघायचे. तीन पिढ्यांत त्यांच्या घरातलं ते बघणंही वारशानं आलेलं असावं.

आमच्या घरची समजूत अशी, की मठाची जागा माझे पणजोबा सेतुराम यांनी दिली, आणि पहिलं तीर्थ त्यांच्या घराण्यास द्यावं असा कागद तंजावरच्या सरकारात झाला होता. तो कागद कोणी पाहिला नव्हता. सरकार जाऊन इंग्रज आला त्यालाही ऐंशी वर्षं होत आली. मी विषय काढला की चंद्रमौळिराव सगळ्यांदेखत म्हणायचे, "असेल हो मुकुंदराव, कागद असेल. मजजवळही कावेरी माझी असल्याचा कागद आहे. सांपडत मात्र नाहीं."

बारा वर्षांनी आमच्या तळ्यावर भरणारा महामहमचा मेळा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षी हयग्रीवराव कुंभकोणम्‌ला आले. विद्यापीठानं जुन्या मराठी घराण्यांकडून मोडी कागद गोळा केले होते, आणि ते लावण्यासाठी तळ्याच्या उत्तरेला एक घर भाड्यानं घेऊन त्यात दप्तरखाना थाटला होता. हयग्रीवराव त्याचे ग्रंथपाल. चाळिशीचा, बारीक, कानावर केस असलेला माणूस, तंजावरचा, आपल्यातलाच. बातमी कळली त्याच दुपारी मी कवळ्या पानांची चवड घेऊन गेलो.

"या. पान बाहेर तिण्णैच्या ओट्यावर ठेवा," त्यांनी दारातच हात आडवा केला. "आंत तांबडं होणारं कांहीं आणायचं नाहीं."

"मी खाऊन थुंकणार थोडाच आहे?"

"सगळे असंच म्हणतात. मागच्या दप्तरांत एका कागदावर पिंक आहे. दीडशें वर्षांची. अजून वास येतो, या, दाखवतों."

आणि खरंच दाखवली.

आत फडक्यांत बांधलेली कागदांची गाठोडी रांगेनं होती. त्यांना ते रुमाल म्हणत. प्रत्येक रुमालात वेखंडाचा तुकडा. सोडताना कागद मोठ्यानं मोजायचे, बांधताना पुन्हा मोठ्यानं मोजायचे, आणि गाठ जशी होती तशीच मारायची. एखादा कागद वाचायला वेगळा काढला तर त्याच्या जागी ताडपत्राची एक पट्टी, तिच्यावर लोखंडी लेखणीनं कोरलेलं: कागद कितवा, कोणाकडे, कोणत्या दिवशी. खोलीतला कागद उंबऱ्याबाहेर जाणार नाही, हा सगळ्यांत वरचा नियम. मी पहिल्याच दिवशी बोट जिभेकडे नेलं तर म्हणाले, "मुकुंदराव, तें बोट लावलंत तर बोटही रुमालांत बांधून ठेवीन."

मी मोडी वाचायला मदत करतो म्हणून रोज जाऊ लागलो. मदत कसली, माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं ते वाचत. एकदा त्यांना एक अर्ज सापडला. कुणा नगारेवाल्यानं सरकारात तक्रार केली होती, की शेजाऱ्याचा कोंबडा आपल्या पहाटेच्या नगाऱ्याच्या आधी आरवतो, सबब लोक वेळ कोंबड्यावर धरतात आणि नोकरीची अब्रू जाते. हयग्रीवराव हसून हसून खाली बसले. डोळे पुसायला उपरणं घेतलं, आणि पाणी कागदावर पडू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून हसले. मी तोवर तो कागद बाजूला सारून पुढचा उलटला होता.

"मुकुंदराव," ते भिंतीकडूनच म्हणाले, "तुम्ही वाचायला येत नाहीं. शोधायला येतां."

"कशावरून?"

"वाचणारा माणूस कधीं तरी हंसतो."

मग मी सगळं सांगून टाकलं. तीर्थ, पणजोबा, चंद्रमौळिरावांचं बघणं. वाटलं, आता दार बंद. तर ते म्हणाले, "एवढंच ना? सांपडला तर सांगेन. तोंवर येत चला. शोधणाऱ्याचे डोळेही कामाला येतात."

अशी ओळख वाढली. त्यांची नोकरी, आधी दुसऱ्या गावांत आणि आता इथे, सात वर्षं हंगामी होती. दर सहा महिन्यांनी मद्रासेहून कागद यायचा, की आणखी सहा महिने. हंगामी माणसाला बिऱ्हाड परवडत नाही, म्हणून बायको वत्सलाबाई तंजावरला भावाच्या घरी, आणि हे भटजींच्या खानावळीत. सात वर्षांत दोघं सणावारापुरती एकत्र. आता विद्यापीठाचा साहेब एकदा तपासणीला येऊन दप्तर बघून गेला की नोकरी कायम, आणि दप्तरखान्यामागच्या दोन खोल्या राहायला. वत्सलाबाईंनी इडलीचं पीठ वाटायचा आपला दगडी रगडा बैलगाडीतून आधीच पाठवून दिला होता. मागच्या अंगणात तो पालथा ठेवलेला असे.

"आधीं दगड?" मी विचारलं.

"ती म्हणाली, माणूस यायचं तेव्हां येईल, दगड तरी पोहोंचूं दे. परत न्यायला जड पडेल म्हणजे तरी तुम्ही नेटानं काम कराल."

मला त्यांची दया आली, हे खरं. आणि त्या दयेचा उपयोग होईल हेही त्याच वेळी लक्षात आलं, हेही खरं. दुसऱ्या दिवसापासून मी घरून डबा नेऊ लागलो. गोदानं, माझ्या बायकोनं, त्यात काही मोजलं नाही. खानावळीचं खाऊन माणूस वाळलाय म्हणून ती मनापासून चिंचेचं गोज्जू आणि ताकातली भाजी भरायची. मोजत होतो तो मी. हयग्रीवराव डबा उंबऱ्याबाहेर बसून खायचे, हात धुवायचे, पुसायचे, वाळवायचे, मगच आत यायचे.

भाद्रपदाच्या शेवटी नवव्या रुमालातला एकतिसावा कागद त्यांनी उचलला, वाचला, आणि हसले नाहीत.

"मुकुंदराव. बैसा."

अडीच ओळींची सरकारी नोंद. मठाची जागा सेतुराम यांची, सबब एकादशीस प्रथम तीर्थ त्यांस व त्यांचे वंशास, मागून इतरांस. उजव्या कोपऱ्यात तारीख आणि शिक्का. मी हात पुढे केला. हयग्रीवरावांनी मला तो हातात दिला नाही, मांडीवर फडकं घालून त्यावर ठेवला.

त्यांनी नक्कल करून दिली, खाली सही केली. मी ती मठाच्या बैठकीत ठेवली. चंद्रमौळिरावांनी तिला बोटसुद्धा लावलं नाही.

"नक्कल? नक्कल मीही उद्यां घेऊन येतों. तीत तुम्हांला तिसरी पळी घालतों. अस्सल आणा, डोकं ठेवीन."

अस्सल मागायला मी तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा हयग्रीवराव नाही म्हणाले, आणि प्रत्येक वेळी नाही म्हणताना त्यांनाच जास्त त्रास होत होता. चंद्रमौळिरावांनी खोलीत येऊन बघावं म्हणाले. चंद्रमौळिराव म्हणाले, देव मठात आहे, दप्तरात नाही. चौथ्या वेळी मी त्यांना माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील शेवटच्या घटकेला होते, पुजाऱ्यांनी मठातून तीर्थ आणलं, पळी ओठाशी नेली, आणि वडिलांनी विचारलं, "पहिलं कीं दुसरं?" आणि प्राण गेला.

गोष्ट खरी आहे. फक्त, ते विचारताना वडील हसत होते. स्वतःची आणि आमची सगळ्यांची थट्टा करत गेले. तेवढं मी वगळलं, आणि जिथे हसू होतं तिथे रडलो.

हयग्रीवरावांनी नववा रुमाल सोडला. मग त्यांनी ताडपत्राची पट्टी घेतली आणि कोरली. रुमाल नववा, कागद एकतिसावा, अष्टमीची संध्याकाळ. नाव घातलं ते स्वतःचं.

"माझं नांव?"

"तुमच्या नांवानं कागद बाहेर जाऊं शकत नाहीं. माझ्याही नाहीं, पण माझ्या नांवाला निदान रागावतां येतं. उद्यां उजाडतांना आणून द्या."

मी पट्टीकडे पाहिलं आणि बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

अष्टमीच्या संध्याकाळी मठात चंद्रमौळिरावांनी कागद दोनदा वाचला, समईच्या उजेडाशी धरला, शिक्क्यावर नख न लावता बोट फिरवलं. माणूस खवट, पण खोटा नव्हे. "सरि," म्हणाले. "कागद खरा आहे. येत्या एकादशीपासून पहिलं तुमचं." आणि हात जोडले. माझं डोकं इतकं हलकं झालं, की तिथल्या तिथे मी त्यांना दुसऱ्या दिवशी सरस्वतीपूजेच्या जेवणाला बोलावलं. "डोकं ठेवायचं म्हणालां होतां ना, कागदाची पूजाच आहे घरीं," असंही बोललो. ते हसले नाहीत. "येतों," म्हणाले.

सकाळी मला जाग यायला उशीर झाला. उठून पाहतो तो गोदाची पूजेची मांडणी झालेली. पाटावर घरातली सगळी पुस्तकं, माझी दौत, चष्म्याचं घर, वरती पंचांग, आणि सगळ्यांत वर तो कागद. उजव्या कोपऱ्यावर गंधाचा बोटभर टिळा, त्यावर कुंकू.

"अगं, हा परत द्यायचा होता!"

"मग सांगायचं. यानं घराला पहिलं तीर्थ आणलं, याहून मोठी सरस्वती कोणती? आतां उद्यां पुनर्पूजा झाली कीं द्या. आज हलवायचं नाहीं."

आपल्याकडे हा रिवाज सगळ्यांना माहीत आहे. नवमीला पूजेत बसलेलं पुस्तक दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी उचलत नाही. मुलंसुद्धा त्या दिवशी अभ्यासातून सुटतात. मी मनाशी म्हटलं, सुटी आहे, दप्तरखाना बंद, एका दिवसानं काय होतं. आणि दुपारी चंद्रमौळिराव येणार होते. पाटावर कागद नसेल तर ते डोकं ठेवणार कशापुढे?

मग पाहुण्याला पानावर कधी बसवायचं, राहुकाळ कधी, हे बघायला मी कागद एका हातानं जरा उचलून धरला, खालचं पंचांग ओढून काढलं, आणि कागद पुन्हा जागेवर ठेवला.

नऊ वाजता हयग्रीवराव दारात आले. धावत आले असावेत, उपरणं हातात होतं.

"मुकुंदराव, कागद द्या. साहेब दहाच्या गाडीनं येतो आहे. मायावरमहून तार केलीन्."

"आज? आज सुटी आहे!"

"म्हणूनच. सुटींत वाचणारे नसतात, कुणाचं काम अडत नाहीं, म्हणतो."

ते वहाणा काढून उंबऱ्यापर्यंत आले. पाट दारातून दिसत होता.

"वरचाच का?"

"वरचाच."

"गंध लागलं आहे?"

"कोपऱ्याला. थोडं."

गोदा वड्यांच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "हयग्रीवराव, मला ठाऊक नव्हतं हो. पण आतां बसलेली सरस्वती कशी उठवायची?"

"तसं नाहीं वैनी. माझी आईही उठवूं देत नसे." ते तिच्याशी बोलत होते, पण वाट माझी बघत होते. गोदानं त्या वेळी हट्ट केला नसता. मी एक शब्द बोललो असतो तर ती म्हणाली असती, देवी समजून घेईल. ती माझ्याकडेच बघत होती.

मी म्हणालो, "आज सरस्वती बसली आहे, हयग्रीवराव."

पंचांग माझ्या काखेत होतं. त्याच्या पुठ्ठ्यावर गोदानं लावलेलं कुंकू ओलं होतं. हयग्रीवरावांची नजर त्यावर गेली आणि तिथेच थांबली. मला ते काखेतून काढताही येईना, लपवताही येईना.

"राहुकाळ किती वाजतां?" त्यांनी विचारलं.

"साडेदहा."

"म्हणजे साहेब अगोदर पोंचतो. बरं झालं." वहाणा घातल्या आणि गेले. या खेपेला धावले नाहीत.

दुपारी चंद्रमौळिराव आले, आणि शब्द दिल्याप्रमाणे पाटापुढे आडवे झाले. साठीचा माणूस, गुडघे कुरकुरले. ज्या टकलावरून ओला हात फिरताना मी तीस वर्षं पाहिला ते आता माझ्या घरच्या जमिनीला टेकलं होतं. मी बघून घेतलं. पोटभर बघायचं ठरवलं होतं, तेवढं काही बघवलं नाही.

पानावर बसताना ते म्हणाले, "तळ्यावरून आलों. दप्तरखान्यापुढं साहेबाची गाडी उभी आहे. हा कागद तिथं नको होता काय?"

"जेवा हो," मी म्हणालो, आणि त्यांच्या पानात आणखी दोन वडे वाढले. त्यांनी ते खाल्ले. मी घरातच राहिलो. तळं आमच्या घरापासून हाकेवर आहे.

दशमीला पुनर्पूजा होताच मी कागद फडक्यात घालून धावलो. हयग्रीवराव नववा रुमाल पुढे सोडून बसले होते. रात्रीत गंध वाळून त्याचा पापुद्रा झाला होता, तो मी नखानं काढू लागलो.

"घासूं नका! शिक्का निघेल." त्यांनी कागद घेतला, उजेडाकडे तिरपा धरला. तारखेचा आकडा गंधाखाली गेला होता.

"साहेबानं नेमका हाच रुमाल उघडला?" मी विचारलं.

"कुठलाच उघडला नाहीं. दहा मिनिटं बसला, कापि प्याला, चांगली लागली म्हणाला. उठतांना विचारलं, सगळे कागद जागेवर आहेत ना? मी म्हणालों, एक नाहीं."

"अहो, कशाला सांगितलंत!"

"विचारलं म्हणून."

"मग?"

"कुठं आहे म्हणाला. मी बाहेर दिला म्हणालों. नियम कोणी केला होता म्हणाला. मीच, म्हणालों. त्यानं तें लिहून घेतलं."

"पण पूजेचं सांगायचंत! सरस्वतीपूजा, रिवाज आहे, हलवतां येत नाहीं. साहेब असला तरी—"

"पूजा माझ्या घरची नव्हती, मुकुंदराव. मी तुमचा रिवाज पुढं करून कसा सुटूं?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी काही तरी उत्तर दिलं असतं. त्यांनी नोंदवही ओढली आणि लिहिलं: कागद एकतिसावा, उजव्या कोपऱ्यास गंधकुंकवाचा डाग, तारीख झांकली, शिक्का शाबूत. डाग कोणी पाडला, ते लिहिलं नाही. मग ताडपत्राची पट्टी काढून कागद तिच्या जागी ठेवला, मोठ्यानं मोजले, आणि जुनी गाठ होती तशीच मारली.

"साहेबाला मी पत्र लिहितों," मी म्हणालो. "सगळा दोष माझा, असं."

"लिहा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. पुजारी उंबऱ्याशी आले, सवयीनं त्यांचा हात आधी चंद्रमौळिरावांकडे वळला, मग आठवून माझ्याकडे आला. मी हात पुढे केला. तीर्थ घेताना मला हयग्रीवरावांचा हात आठवला, जेवल्यावर धुऊन, पुसून, वाळवून मग आत येणारा. दुसरी पळी घेऊन चंद्रमौळिराव बाजूला सरकले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पत्र मी लिहायला बसलो. 'दोष' हा शब्द इंग्रजीत कसा मांडावा यावर दोन दिवस गेले. मग वाटलं, सरकारी कागद घरात ठेवला म्हणून उलट आपल्यावरच काही यायचं. मग मद्रासेहून हुकूम आला, तेव्हा पत्राचं कारणच उरलं नाही. नोकरी कायम होणार नाही, दप्तर मद्रासेस हलवावं. तीन बैलगाड्या रुमाल स्टेशनावर गेले. प्रत्येक गाडीत चढवताना हयग्रीवरावांनी मोजले. त्यांना स्वतःला गाडीत जागा नव्हती. ते तंजावरला, मेव्हण्याच्या घरी निघाले होते. इतके दिवस तिथे एक माणूस सांभाळत होते, आता दोन.

निघताना माझ्याकडे आले. गोदा आत रडत होती, बाहेर आली नाही.

"रगडा परत नेणं परवडत नाहीं," ते म्हणाले. "वैनींना असूं द्या. वत्सलेनं सांगितलं आहे, चांगला दगड आहे, वापरांत राहूं दे."

"हयग्रीवराव, मी—"

"तो नगारेवाल्याचा अर्ज बाराव्या रुमालांत आहे. मद्रासेला कधीं गेलांत तर वाचा. हंसूं येईल."

त्याला आता पाच वर्षं झाली. मद्रासेला दोनदा गेलो, विद्यापीठाच्या बाजूला गेलो नाही. रगडा आमच्या मागच्या अंगणात आहे. आमचा स्वतःचा झिजून गुळगुळीत झालाय, पीठ धड निघत नाही, पण गोदा त्याच्यावरच वाटते. दुसरा ती शुक्रवारी धुते, पुसते, पालथा ठेवते. तिनं मला त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही, आणि पंचांगाबद्दलही नाही.

तर बेरीज अशी. पळी मला मिळाली. तिच्यापायी चंद्रमौळिरावांची रांगेतली एका माणसाइतकी जागा गेली. कागदाचा उजवा कोपरा गेला. हयग्रीवरावांची सात वर्षं गेली आणि ती दप्तराची खोली. वत्सलाबाईंचं, ज्यांना मी कधी पाहिलं नाही, मांडायच्या आधीच घर गेलं. गोदाचं माझ्याशी जे सहज बोलणं होतं त्यातलं थोडं गेलं. आणि माझं गेलं म्हणावं, तर त्या दुपारी चंद्रमौळिरावांच्या पानात वाढलेले दोन वडे.